'युलिसिस' एकट्या जॉइसची?

बाळीवेसकर:
रविवारी आपल्या सोलापूरच्या वाचक कट्ट्यावर आयरिश लेखक जेम्स जॉइसवर चर्चा झाली. सगळा वेळ त्याच्या 'युलिसिस' या कादंबरीवर गेला आणि सिल्व्हिया बीच एका वाक्यात आटोपली: "पॅरिसमधली पुस्तकवाली, तिनं छापलं." हे मला खटकलं. इंग्लंड-अमेरिकेत कुणी हात लावेना, तेव्हा १९२२ साली तिनं आपल्या छोट्या दुकानातर्फे हे पुस्तक काढलं. जॉइसनं जवळपास एक तृतीयांश मजकूर प्रुफांवर वाढवला. जुळवलेला मजकूर फ्रान्समधल्या दिजाँच्या छापखान्यात पुन्हा पुन्हा मोडावा लागायचा, खर्च चढायचा. तरी तिनं त्याला कधी अडवलं नाही. हिशेबी प्रकाशक असता तर आज हातात आहे ते पुस्तक झालंच नसतं.

सातरस्ता:
बीचबद्दल आदर आहे. पण खर्च सोसणं म्हणजे लिहिणं नव्हे. वाढवलेली प्रत्येक ओळ जॉइसचीच आहे ना?

विडी घरकुल:
आमच्या घरी माग होता. कांड्या आई आणि आजी भरायच्या, चादर वडिलांची म्हणून ओळखली जायची. मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप यांचं तेच झालं. १९१८ पासून 'लिटल रिव्ह्यू' या आपल्या अमेरिकन मासिकात त्यांनी ही कादंबरी क्रमशः छापली. अमेरिकेच्या टपाल खात्यानं अंक जाळले. १९२१ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात दोघींना मिळून १०० डॉलर दंड झाला. आरोपी म्हणून जॉइस नव्हे, या दोघी उभ्या होत्या!

सातरस्ता:
मागाचं उदाहरण पटत नाही. तुमच्या आईला दुसरा पर्याय नव्हता. हॅरिएट शॉ वीव्हर पैसेवाली, 'द इगोइस्ट' या लंडनच्या नियतकालिकाची संपादक. तिनं स्वखुशीनं जॉइसला पोसलं. अशा कर्तबगार बाईला बिचारी करू नका.

बाळीवेसकर:
बिचारी कुणी म्हटलं? संपादक म्हणा, प्रकाशक म्हणा, एवढंच मागतोय. १९४१ मध्ये जॉइसच्या अंत्यविधीचा खर्चही वीव्हरनंच दिला. आणि १९३४ मध्ये रँडम हाउसची अमेरिकन आवृत्ती निघाली, त्यातून बीचला काहीच मिळालं नाही. यात कसली स्वखुशी?

सातरस्ता:
पैशांचं मान्य, तो अन्यायच. लेखक मात्र मी एकच मानतो.

विडी घरकुल:
माना. पण पुढच्या बैठकीत अँडरसन आणि हीपवर मी बोलणार, त्यांच्या मासिकाबद्दल. जॉइस त्यात एक लेखक म्हणून येईल.