मदत हवी आहे: लेसर-प्लाझ्माच्या वर्णपटावरून पीई (पॉलिइथिलीन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ही प्लॅस्टिके वेगळी ओळखता येतील का?

नमस्कार,

मी कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून भंगारातील प्लॅस्टिक लेसरने ओळखण्याचा प्रकल्प करीत आहे. शिरोली एमआयडीसीत माझ्या मामांचा भंगार प्लॅस्टिकपासून दाणा बनवण्याचा छोटा कारखाना आहे. तेथे माल निवडणाऱ्या मावशी तुकड्याला लायटर लावून वासावरून निवाडा देतात. मेणबत्तीसारखा वास आला तर पीई, नाकाला झोंबला तर पीव्हीसी. त्या फारशा चुकत नाहीत, पण तो धूर दिवसभर त्यांच्याच नाकात जातो.

माझ्या मांडणीत १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर असून त्याच्या ८ नॅनोसेकंदांच्या स्पंदाने तुकड्यावर प्लाझ्मा पेटतो आणि सुमारे एक मायक्रोसेकंदानंतर, म्हणजे सुरुवातीचा अखंड वर्णपट ओसरल्यावर, त्याचा प्रकाश नोंदवला जातो. क्लोरीनच्या ८३७.६ नॅनोमीटरच्या रेषेमुळे पीव्हीसी लगेच सापडतो. पॉलिस्टायरीनमध्ये बेंझिनची कडी असल्यामुळे ५१६.५ नॅनोमीटरजवळचा सी-टू (कार्बनच्या दोन अणूंच्या) रेणूचा पट्टा ठळक उमटतो.

अडचण पीई आणि पीपी यांची आहे. दोन्हींत कार्बन व हायड्रोजनचे प्रमाण एकास दोन असेच असते, आणि दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे हौदाचाही उपयोग नाही. तरीही प्रमुख घटक विश्लेषणात (वर्णपटांतील मुख्य फरक शोधून गट पाडणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) त्यांचे दोन स्वच्छ गट पडले, तेव्हा मी मामांना फोन करून मोकळा झालो. नंतर पाहिले तर ती विभागणी ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरच्या कॅल्शियमच्या रेषांनी केलेली होती. माझे पीपीचे सगळे तुकडे मोडक्या खुर्च्यांचे होते व त्यांत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भर होती; तशीच भर असलेले पीईचे एक पांढरे झाकण मुकाट्याने पीपीत जाऊन बसले. थोडक्यात, माझी पद्धत प्लॅस्टिक नव्हे, खडू ओळखत होती.

धातूंच्या रेषा वगळून केवळ सी-टू पट्टा आणि ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनची रेषा यांच्या गुणोत्तरावर हा भेद विश्वासाने करता येतो का? काळ्या तुकड्यांत काजळी लेसर अधिक शोषते व प्लाझ्माच बदलतो, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे प्रतिमान बांधावे काय? शिवाय ३८८.३ नॅनोमीटरचा सीएन (कार्बन-नायट्रोजन रेणूचा) पट्टा माझ्याकडे हवेतील नायट्रोजनमुळे येतो. तो टाळण्यासाठी वेल्डिंगवाल्यांकडचा आरगॉन चालेल, की अधिक शुद्ध वायू घ्यावा लागेल?

ज्यांनी प्रत्यक्ष भंगारावर हे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे. मागितल्यास वर्णपटांच्या फायली, त्या झाकणाच्या फायलीसह, येथे जोडेन.