मदत हवी आहे: अळंबीच्या दिवसांत आईला घेऊन राहण्यासाठी खानापूर-जांबोटी भागातील शेतकरी कुटुंबाचे घर

नमस्कार.

येत्या पावसाळ्यात माझ्या 74 वर्षांच्या आईला घेऊन खानापूर तालुक्यात दोन रात्री राहायचे आहे. त्यासाठी एखादे शेतकरी कुटुंब स्वतः चालवत असलेले, आणि स्वयंपाकही त्याच घरातील माणसे करत असलेले शेतावरचे निवासस्थान हवे आहे. आईचे माहेर जांबोटीकडचे. ते घर आता राहिलेले नाही, भावकीतलेही कोणी तिथे नाही, त्यामुळे आम्ही बेळगावात शहापूरला राहत असूनही तिचे त्या बाजूला जाणे बंद झाले आहे. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी जाऊन यावे असे तिच्या मनात आहे, परंतु खरी ओढ आहे ती तिथल्या जेवणाची.

गेल्या वर्षी याच हेतूने आम्ही एका ठिकाणी गेलो होतो. चुलीवरचे घरगुती जेवण मिळेल असे आधी सांगितले होते. प्रत्यक्षात पनीरची भाजी आणि रोट्या शहरातून गाडीने आल्या, आणि अंगणातील चूल दोन दिवसांत एकदाही पेटली नाही. खोल्या स्वच्छ होत्या, माणसेही नम्र होती. आई मात्र पहिल्या घासानंतर गप्प झाली, आणि ते मला फार लागले.

तिला हवी आहे ती वारुळाच्या जागी उगवणारी, लांब देठाची अळंबी. पावसाळ्यात खानापूरकडची अळंबी बेळगावच्या बाजारात येते आणि आम्ही ती आणतोही, पण हातात पडेपर्यंत ती बहुधा उमललेली असते. आईच्या सांगण्याप्रमाणे न उमललेल्या कळ्या सकाळी काढून, देठाची माती सुरीने खरवडून, हळदीच्या पाण्यात धुऊन त्याच दुपारी शिजवायच्या असतात. भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे वाटण, घरचे तिखट, उतरवताना दोन आमसुले, आणि सोबत उकड काढून थापलेली तांदळाची भाकरी. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांपुढे कशी उभी करायची, हे सांगताना तिचा तळहात आपोआप उभा होतो. अळंबी ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती काढत आलेल्या घरीच मला जायचे आहे.

आता माझी खरी अडचण सांगते. अळंबी येते ती साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेव्हाच रोपलावणी किंवा भांगलण चालू असल्यामुळे घरातील बायका दिवसभर चिखलात असतात. दुपारी शेतातून आलेल्या बाईने आमच्यासाठी पुन्हा चुलीपुढे बसावे, असे मला मुळीच वाटत नाही. लावणी उरकल्यावर, श्रावण लागल्यानंतर गेलो तर त्यांना थोडी उसंत असते का, आणि तोवर अळंबी मिळते का? श्रावणात आम्ही मांसाहार करत नाही, त्यामुळे आम्हाला ते दिवस सोयीचेच आहेत. राहण्याच्या दराव्यतिरिक्त स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाती वेगळे पैसे देणे योग्य होईल की त्यांना अवघड वाटेल, हेही अशी घरे चालवणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावे. आईला थोडा वेळ स्वयंपाकघरात बसू द्याल का, असे विचारण्याचा माझा विचार आहे. पाहुण्याने असे विचारलेले आपल्याकडे चालते का?

गुडघ्यांमुळे आईला खाली बसता येत नाही, म्हणून जेवताना खुर्ची आणि खुर्चीसारखे शौचालय आवश्यक आहे. खोली तळमजल्यावरच हवी. तिला मधुमेह आहे, पण दुपारच्या एका भाकरीला वैद्यांची हरकत नाही. रात्री नाचणीची आंबील मिळाली तरी पुरेसे आहे. आमची गाडी लहान आहे, त्यामुळे मुख्य रस्त्यापासून आत चिखलाची वाट किती आहे तेही कळवावे.

आपण स्वतः राहून, जेवून आलेले ठिकाण असेल तरच सुचवावे, आणि तिथे नेमके काय वाढले होते ते अवश्य लिहावे. कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक मात्र त्यांना विचारल्याशिवाय इथे उघडपणे देऊ नये. व्यक्तिगत निरोपाने कळवला तर मी आधी फोन करून, त्यांच्या शेतीच्या कामाचा अंदाज घेऊनच तारीख ठरवेन.