मदत हवी आहे: कुत्र्याला लेप्टो झाला आहे, घरच्या माणसांची काळजी कशी घ्यावी?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. आमच्या मोत्याने, चार वर्षांच्या गावठी कुत्र्याने, गेल्या आठवड्यात अचानक खाणे सोडले, त्याला दोन दिवस उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्या व डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसू लागला. बेळगावला नेल्यावर डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासून लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदीर व जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आणि फाटलेल्या कातडीतून माणसांच्याही अंगात शिरणाऱ्या जंतूंच्या आजाराचे, निदान केले. आता तो घरी परतला आहे, थोडी पेज खातो आणि त्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू आहेत. रेबीजची लस आम्ही दरवर्षी न चुकता देतो. परंतु लेप्टोचीही लस असते आणि तीही दरवर्षी द्यावी लागते, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. याची फार खंत वाटते.

मोत्या रात्री गोठ्यात पेंडीच्या पोत्यांजवळ झोपतो आणि उंदीर-घुशी मारतो, तेव्हा लागण तिथूनच झाली असावी. खरी काळजी माणसांची आहे. सध्या भाताची रोप लावणी चालू असल्यामुळे बाबा दिवसभर अनवाणी चिखलात असतात आणि त्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी पडून फाटली आहे. आईने तर तीन दिवस मोत्याची लघवी उघड्या हातांनी गोणपाटाने पुसली. अजून कुणाला ताप नाही. पण लागण झाल्यावर ताप यायला साधारण 5 ते 14 दिवस, क्वचित महिनाही लागतो, असे कळल्यापासून झोप लागत नाही.

मोत्याला किती दिवस वेगळे ठेवावे? गोठ्याची जमीन कशी स्वच्छ करावी? बाबांना आधीच गोळी देता येते का? शेजारी त्याला सोडून द्या म्हणतात, ते आमच्याने होणार नाही.

प्रतिसाद:

मी पशुवैद्यक आहे. मोत्याला सोडू नका. सोडलात तर तो गावभर लघवी करत फिरेल. डॉक्सिसायक्लिनचा दोन आठवड्यांचा क्रम पूर्ण करा, कारण मूत्रपिंडात दडलेले जंतू त्यानेच जातात. तोवर त्याची लघवी संसर्गजन्य समजा. त्याला पाणवठ्यापासून आणि म्हशींच्या दावणीपासून दूर, एकाच कोरड्या जागी बांधा. ती जागा हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि ऊन मिळेल तेव्हा वाळू द्या, कारण हे जंतू ओल्या मातीत आठवडे टिकतात, पण कोरडेपणा त्यांना सोसत नाही. पेंड झाकणाच्या पिंपात ठेवा.

माझ्या मते बाबांना मोत्यापेक्षा शेतातल्या पाण्याचा धोका जास्त आहे. चिखल्या बऱ्या होईपर्यंत त्यांनी लावणीला उतरू नये. उतरावेच लागले तर गमबूट घालावेत. जोखमीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत आहे, परंतु ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते आपल्या मनाने मुळीच देऊ नये. आईबद्दलही त्यांना आजच विचारा. कुणाला ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळ्यांत लाली आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि चिखलातले काम व घरचा आजारी कुत्रा या दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगा, कारण पावसाळ्यात हा ताप डेंग्यूसारखा भासतो आणि सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.