स्टुडिओतली गाणी दोघांत लाइव्ह वाजवायचीत, साइडचेनपाशी अडलंय – मदत हवी आहे

मंडळी,

मी आणि माझी मैत्रीण मिळून इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. आता मंचावर वाजवायचंय, आणि नुसतं प्ले दाबून उभं राहायचं नाही हे पक्कं आहे. ऑर्बिटल या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीतले हार्टनॉल बंधू अलेसिस एमएमटी-8 सीक्वेन्सरवर (साठवलेले सूर क्रमाने वाजवणारं यंत्र) एकेक ट्रॅक चालू-बंद करत गाणं तिथल्या तिथे लांबवायचे, तोडायचे. तेवढी मोकळीक आम्हाला हवी आहे.

एकेका गाण्यातले साठ-सत्तर ट्रॅक ड्रम, बेस, पॅड (मागे पसरलेले लांब सूर), लीड (मुख्य धून) आणि गायन अशा स्टेम्समध्ये, म्हणजे गटवार ऑडिओ फाइल्समध्ये, गोळा करून एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या सेशन व्ह्यूमध्ये लावलेत, तिथे तुकडे हवे तसे सुरू-बंद करता येतात. ड्रम ती सांभाळते, बेसलाइन मी सिंथवर हाताने वाजवतो. इथवर फार मजा येते.

अडतंय पॅडपाशी. आमच्या पॅडवर किकचं (ड्रममधल्या जड ठोक्याचं) साइडचेन आहे, म्हणजे किकच्या प्रत्येक ठोक्याला तो दबतो आणि पुन्हा वर येतो. स्टेम काढताना हे दबणं त्यातच कायमचं बसतं. ब्रेकडाउनला (ठोके थांबतात त्या भागात) तिने किक काढली तरी पॅड आपला धापा टाकत राहतो. तिने ठोके उलटसुलट केले तर विचारूच नका. साइडचेनशिवाय काढला, तर गाण्यातला जीवच जातो.

शिवाय सगळे स्टेम्स एकत्र लावूनही मूळ गाण्याचा घट्टपणा येत नाही. असं का होतं? कोणी हे निस्तरलंय का?

प्रतिसाद:

पॅड साइडचेनशिवायच काढा, दाबायचं काम मंचावर होऊ द्या. किकच्या मिडी क्लिपची (आवाज नव्हे, ठोक्यांच्या सूचना) प्रत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. त्याचा आवाज मास्टरला (सगळं एकत्र होऊन बाहेर पडतं तिथे) जाऊ द्यायचा नाही, फक्त पॅडवरच्या कम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टच्या) साइडचेनला द्यायचा. ऐकू येणारी किक गेली तरी दाब ठेवायचा की सोडायचा, हे मग तुमच्या हातात. ताईंनी ठोके जागेवरच बदलायचे असतील तर प्रतीऐवजी त्यांच्या पॅड कंट्रोलरचा (बोटांनी ठोके वाजवायच्या यंत्राचा) किकचा मिडी थेट त्या ट्रॅकला द्या.

घट्टपणाचं कारण मास्टरवरचा कम्प्रेसर. तो सगळ्यांच्या बेरजेवर दाब देतो, एकट्या स्टेमवर त्याचं वागणं वेगळं. स्टेम्स मास्टरची साखळी बंद करून काढा आणि लाइव्ह सेटच्या मास्टरवर हलका कम्प्रेसर लावा. लुकअहेडचा (पुढचा आवाज आधी बघायला थोडा थांबणारा) लिमिटर मात्र नको. 44.1 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो तो) म्हणजेच 5.8 मिलिसेकंद झाले, त्यात आणखी उशीर मिळवला की हाताने बेस वाजवणाऱ्याला तो बोटांत जाणवतो.

रिव्हर्बही (आवाज घुमवणारा इफेक्ट) स्टेममध्ये ठेवू नका, रिटर्न ट्रॅकवर (अनेक ट्रॅकसाठी सामायिक इफेक्टच्या ट्रॅकवर) ठेवा. नाहीतर क्लिप बदलताच घुमण्याची शेपूट कचकन तुटते.