मदत हवी आहे: टॉकबॅकवर रेडिट कसं वापरता?

माझा मावसभाऊ पूर्ण अंध आहे. अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) सराईतपणे वापरतो, आता त्याला रेडिट या चर्चेच्या साइटवर यायचंय. रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीला, पैसे लावायचं जाहीर केल्यावर जून २०२३ मध्ये तिथल्या हजारो समूहांनी बंद पाळला होता. वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागतील म्हणून अपोलो हे रेडिट वाचायचं बाहेरचं अ‍ॅप ३० जूनला बंदच झालं. अंध वापरकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे रेडरीडरसारख्या मोजक्या अ‍ॅपना या पैशांतून सूट मिळाली. खरं तर हा विचार आधीच व्हायला हवा होता.

आज टॉकबॅकवर कोणतं अ‍ॅप नीट चालतं? कोणतं उत्तर कुठल्या कमेंटखाली आहे, हे वाचून दाखवतं का? पुढे समूह सांभाळायचा झाला तर मॉडरेटरची कामं त्यातूनच होतात का? स्वतः वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.