देवदूत, यक्ष, जिन्न: मूळ ग्रंथांत आधी काय वाचू?

पानगळ: वेगवेगळ्या धर्मांतल्या देवदूतांबद्दल वाचायचं मनावर घेतलंय. पण जो कोश उघडावा त्यात नावांची नुसती जंत्री. गब्रिएल, गंधर्व, वाल्किरी सगळे एका माळेत. मिटला की डोक्यात काही उरत नाही. मूळ ग्रंथांतलं आधी काय वाचू?

निशाचर: कोश ठेवा बाजूला. बायबलमधल्या यशयाचा 6वा अध्याय काढा, जेमतेम 13 वचनं आहेत. तिथे देवाच्या सिंहासनापाशी असणाऱ्या सराफीम नावाच्या दूतांना सहा पंख: दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, उडायला उरले दोन. मग यहेज्केलचा पहिला अध्याय. तिथल्या प्रत्येक जीवाला माणूस, सिंह, बैल, गरुड अशी चार तोंडं आणि शेजारी चाकं, ज्यांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या. पुढे 10व्या अध्यायात कळतं की हेच करूबीम, म्हणजे इंग्रजीतले 'चेरब'! चित्रांतली गुबगुबीत पंखवाली बाळं त्यानंतर बघवत नाहीत मला.

जमलं तर प्राचीन असिरियाच्या (आजचा इराक) लमासूंचे, म्हणजे दारावरच्या राखणदार मूर्तींचे, फोटोही बघा. माणसाचं डोकं, बैलाचं धड, पंख, आणि काही मूर्तींना चक्क पाच पाय. समोरून उभा दिसावा, बाजूने चालताना दिसावा म्हणून.

एक लक्षात असू द्या: हिब्रू 'मलाख' आणि ग्रीक 'अँगेलोस', दोन्हींचा अर्थ निरोप्या. म्हणजे नाव कामावरून पडलंय. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांतल्या वाल्किरी रणात पडलेल्यांतून वीर निवडतात, त्यांचं काम वेगळं. त्यांना देवदूतांत घालू नका.

सांजवात: निशाचर यांच्याशी सहमत. जिन्नांसाठी कुराणातली 72वी सूरह घ्या, नावच अल-जिन्न. कुराण ऐकून त्यातले काही श्रद्धा ठेवतात, काही नाही. जिन्न म्हणजे भूत हा समज तिथेच गळून पडतो.

आणि केनोपनिषदातली यक्षाची गोष्ट चुकवू नका. तो अग्नीपुढे गवताची एक काडी ठेवतो, म्हणतो जाळ. अग्नीला जमत नाही. वायूला ती हलवता येत नाही. तो यक्ष कोण, हे मात्र तिथेच वाचा.

वाचताना प्रत्येकापुढे टिपून ठेवा: कशापासून झाला, कुणाचं काम करतो, मरतो का. बौद्ध ग्रंथांतले देव मरतात. अंत जवळ आला की त्यांच्या माळा कोमेजतात.

पानगळ: यशया दोनदा वाचला. सराफीम चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलून यशयाच्या ओठांना लावतो, तिथे अंगावर काटा आला. आता यहेज्केल.