अनुभव धागा : तुमचा जॅझचा अल्बम कोणता, आणि तो ऐकताना काय होतं?

ठाणे-नवी मुंबईत जॅझ ऐकणारे मोजके, आणि तेही बहुतेक एकेकटे, हेडफोन लावून. म्हणून हा धागा. माहिती नको, ती कुठेही मिळते. एकच अल्बम घ्या, कुठे ऐकलात आणि आत काय झालं ते लिहा. राग-ताल शिकलेल्यांनी त्याच कानांनी ऐकलेलं लिहिलं तर फारच छान.

माझ्यापासून सुरुवात. पियानोवादक कीथ जॅरेटची १९७५ ची 'कोल्न कॉन्सर्ट'. रबाळे आणि घणसोलीच्या मध्ये लोकल पावसात अडकली होती, तेव्हा पहिल्यांदा सलग ऐकली. कॉन्सर्टच्या रात्री जॅरेटच्या वाट्याला भिकार पियानो आला होता. वरचे सूर पत्र्यासारखे, खर्जात दम नाही. म्हणून तो बराच वेळ मधल्या सप्तकातच घुटमळतो, डाव्या हाताने एकच वळण घोळवत राहतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की गाडी सुटली तेव्हा मला राग आला.

ऐरोलीहून, तबला शिकणारा

डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट', १९५९. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे म्हटल्यावर मांडीवर झपताल धरला आणि तोंडावर आपटलो. झपताल दोन-तीन, दोन-तीन चालतो. हे तीन-दोन आहे. पियानो सुरुवातीपासून तेच सांगत असतो, लेहऱ्यासारखा (तबल्यामागे फिरत राहणारी सुरावट); मीच ऐकत नव्हतो. लेहरा पकडला आणि ड्रमवादक जो मोरेलोचा सोलो उलगडला. केवढी मोकळी जागा सोडतो! गुरुजींना ऐकवलं. त्यांचा एकच प्रश्न, "समेवर येतो का?" येतो म्हटलं. "मग ठीक आहे." त्याच अल्बमातल्या 'ब्लू राँडो'मधलं दोन-दोन-दोन-तीन मात्र अजून हातात बसलेलं नाही. ब्रुबेकने ती लय इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली होती.

वाशीहून

मला जॅझमधलं काही कळत नाही. 'एला अँड लुई' (१९५६) लावते आणि कांदा चिरते. लुई आर्मस्ट्राँग म्हणजे सर्दी झालेला मामा. धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या.

नेरूळहून

जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला ध्वनिमुद्रित झालेला, जेमतेम तेहतीस मिनिटांचा. सासूबाईंच्या हरिपाठाची वेळ आणि माझी ऐकण्याची वेळ एकच, म्हणून हेडफोन. एकदा वायर निघाली. नेमका पहिल्या भागाचा शेवट चालू होता. सॅक्सोफोनवर तेच छोटं वळण निरनिराळ्या पट्ट्यांत फिरवून झाल्यावर कोल्ट्रेन 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द तोंडाने म्हणत राहतो. सासूबाई थांबल्या. "नाव घेतोय का कुणाचं?" म्हटलं, हो, देवाचंच. "मग वाढव की आवाज."

चौथ्या भागात तो स्वतःची प्रार्थना सॅक्सोफोनवर 'वाचतो', शब्दाला सूर असा. ते शब्द अल्बमसोबत छापलेत. मी मोबाइलवर ओळीखाली बोट धरून ऐकायचे, सासूबाई पोथीवर धरायच्या तसंच. या आषाढीला त्या नव्हत्या. तो भाग अजून पूर्ण ऐकवत नाही.

नौपाड्यातून, पेटीवाला

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. वडिलांकडे त्याची जुनी तबकडी होती. त्यातलं 'सो व्हॉट' हे पेटीवाल्याला आयतं ताट आहे. पांढरी दोनला षड्ज धरा, नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून फिरा, झाला काफी थाट. मध्ये आठ मात्रांचे नव्हे, आठ बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) तुकडे मोजा, एके ठिकाणी सगळं अर्धा सूर वर, काळी दोनवर चढतं आणि परत खाली येतं.

पण पेटी जुळेना. तबकडी किंचित चढी लागायची. पेटी दुरुस्तीला टाकली, कारागिराने दोन दिवसांनी परत दिली, "सुरात आहे, कान तपासा." पुढे वाचनात आलं की मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपयंत्र हळू चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावल्यावर तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या वाजत. दुरुस्त आवृत्ती १९९२ ला आली. ती घेतली. पेटी चोख जुळली.

आणि मजा गेली. वडील दाढी करताना 'सो व्हॉट' शिटीवर म्हणायचे, ते त्या चढ्या सुरातच. माझ्या कानाला आता बरोबरचं उतरलेलं वाटतं. तबकडी ठेवली आहे, पेटी तेवढी मिटून ठेवतो.